केस आहे म्हणून मत जात नाही, पण जामिनाची अट बघा

प्रश्न : गणेशोत्सवातल्या मारामारीच्या केसमध्ये धाकटा भाऊ सव्वा महिना बिंदू चौक सबजेलला होता. आता जामिनावर आहे, पण कोल्हापूर जिल्ह्यात यायचं नाही अशी अट असल्यानं निपाणीला मामांकडे राहतो. गल्लीत म्हणतात, केस असली की मत जातं. त्यात तो पतसंस्थेचा थकबाकीदार. विधानसभेला त्याला मत देता येईल का? की निपाणीत नाव घालावं? – एक भगिनी, मंगळवार पेठ

ताई, थकबाकीचं आधी डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे कारखाना, दूध संघ, पतसंस्था अशी कुठली ना कुठली निवडणूक चालूच असते. तिथं थकबाकीदाराचं मत अडतं, म्हणून लोकांना सगळीकडे तेच लागू वाटतं. विधानसभेच्या यादीला कुणाच्या कर्जाशी देणंघेणं नाही.

मतदार कोण, हे संविधानाच्या कलम 326 मध्ये आहे : 18 वर्षं पूर्ण झालेला भारतीय नागरिक. नागरिक नसणं, न्यायालयानं मनोविकल ठरवणं, निवडणुकीतल्या भ्रष्ट प्रकारांमुळं अपात्र होणं, अशा कारणांनी नाव यादीत येत नाही. नुसती केस त्यात बसत नाही.

मात्र 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62(5) आहे. मतदानादिवशी जो तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेल त्याला मत देता येत नाही. शिक्षा झालेला असो की कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा निकाल अजून लागलेला नाही असा. (प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्याला, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच अडकवून ठेवलेल्याला, ही मनाई नाही.) गंमत अशी, की कच्चा कैदी आत बसून उमेदवारी अर्ज भरू शकतो, स्वतःला मत देऊ शकत नाही! तुमचा भाऊ बाहेर आहे, म्हणजे हक्क शाबूत.

खरी अडचण अटीची. ‘मत द्यायला आलो होतो’ हे कारण चालणार नाही. अट मोडली की जामीन रद्द करायचा अर्ज आलाच म्हणून समजा. निवडणूक जाहीर झाली की लगेच, आदल्या दिवशी नव्हे, जामीन देणाऱ्या न्यायालयात त्या दिवसापुरती अट शिथिल करण्याचा अर्ज द्या. सोबत मतदार यादीतल्या नावाची प्रत जोडा. सरकारी वकिलांचं म्हणणं घेऊन न्यायालय ठरवील. नामंजूर झाला तर या खेपेचं मत सोडा, जामीन घालवू नका.

निपाणीत नाव घालू नका. तात्पुरतं बाहेर राहिल्यानं मूळ रहिवास संपत नाही, आणि दोन ठिकाणी नाव चालत नाही. नावनोंदणीच्या अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि जामिनाच्या आदेशाची नक्कल एकदा नीट वाचा. घरी सगळे ‘जिल्हा’ म्हणतात, पण कागदावर कधी कधी एका पोलीस ठाण्याची हद्दच असते. मतदान केंद्र आणि तिथं जायची वाट त्या हद्दीबाहेर असेल तर अर्जाचीही गरज नाही.