गोष्ट पाठ आहे, तरी इंग्रजी साहित्यात मार्क का जातात?

तुमची मुलगी आयसीएसई दहावीला आहे, शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकाची गोष्ट तिला तोंडपाठ आहे, तरी चाचणीत मार्क पडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी घरी याच मुलांच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं.

पेपरात सलग गोष्ट कुणी विचारत नाही. चार ओळी देतात आणि विचारतात: हे कोण कुणाला म्हणतंय, आत्ताच काय घडलंय, अमक्या शब्दातून काय सुचवलंय. गाईडमधला सारांश घोकलेल्या मुलांची गाडी तिथेच अडते, कारण त्यांनी त्या ओळी कधी धड वाचलेल्याच नसतात.

म्हणून महिनाभर गाईड कपाटात ठेवा आणि नाटक मोठ्याने वाचायला लावा. सुरुवात पहिल्या अंकापासूनच करायला हवी असं नाही. मी तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आधी घेते. सीझरचा खून झालाय, लोक जाब विचारतायत. खुन्यांपैकी एक, ब्रूटस, गद्यात बोलतो, मुद्देसूद, थोडा कोरडा. सीझरचा मित्र अँटनी येतो तो पद्यात. ब्रूटस ‘ऑनरेबल’ (सन्माननीय) माणूस आहे, हे तो पुन्हा पुन्हा म्हणतो. पहिल्यांदा ते खरंच कौतुक वाटतं, चौथ्यांदा शिवीसारखं लागतं. शब्द तोच, पण मोठ्याने वाचल्याशिवाय ही गंमत कळत नाही. मग अँटनीने सीझरचं मृत्युपत्र दाखवायचं, वाचायचं मात्र लांबवायचं, आणि प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा (नाणी) ठेवलेत हे शेवटी सांगायचं! आपल्याकडच्या प्रचारसभा पाहिलेल्या मुलीला हे समजवावं लागणार नाही. जमावाच्या ओळी तुम्ही वाचा, अँटनी तिला करू द्या. (उच्चार चुकले तरी चालतात, हसू नका.)

वाचून झालं की प्रत्येक प्रवेशाखाली तिने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या: इथे कुणाचं मन बदललं आणि कशामुळे. मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. त्यावरून इंग्रजीत उत्तर लिहिणं सोपं जातं. पाठ केलेलं ‘ब्रूटस इज अ नोबल कॅरेक्टर’ छापाचं वाक्य मात्र मी सरळ खोडते. नोबल असेल, पण अँटनीला आपल्यानंतर बोलू देण्याची चूक त्यानेच केली, ती लिही ना.

कविता आणि कथा तुलनेने लवकर होतात.

वेळेचं गणित ती आधीच बसवू दे. दोन तास, पाच प्रश्न, ८० मार्क. म्हणजे एका प्रश्नाला २४ मिनिटं. पर्यायांचा प्रश्न त्याहून लवकर उरकतो, वाचलेला वेळ लांब उत्तरांना द्यावा. आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून लिहायला सांगा.

घड्याळावरून आठवलं. दुसऱ्या अंकात कट शिजत असताना तीनचे टोले पडतात. प्राचीन रोममध्ये टोल्यांची घड्याळं नव्हतीच! हे सांगितल्यावर माझ्याकडची मुलं खिदळतात आणि तो प्रवेश परत विसरत नाहीत.