कॅन्सरवरची केमो (औषधं), रेडिएशन (किरणोपचार) आणि घरी होणारा त्रास : तुमचे प्रश्न

केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर (फेरीनंतर) दहाव्या दिवशी रात्री आईला १०१ ताप आला. पॅरासिटामॉलने उतरला, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. चुकलं का?

हो, थांबायला नको होतं. तुम्हाला दोष देत नाही, एरवी आपण सगळे हेच करतो. पण केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. अशा वेळी संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो आणि आपण गाफील होतो. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसलं, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच फोन करा. गोळी डॉक्टरांना विचारूनच. ताप नाही पण हुडहुडी भरली, तरीही हेच. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा ते आजच विचारून ठेवा. रुग्णालयात पोचल्यावर आधी 'केमो सुरू आहे' एवढं सांगा.

तोंड आलंय. पाणीसुद्धा झोंबतं. काय करू?

केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालते. तोंडाचं अस्तर त्यातलंच. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा हलक्या चुळा भरा. ब्रश मऊ हवा. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. आणि पाणीही गिळवत नसेल, तर हे घरगुती उपायाचं काम राहिलेलं नाही. दुखणं कमी करणारी औषधं असतात, ती मागून घ्या. कृपा करून सोसत बसू नका.

बाहेरून रेडिएशन घेतो. नातीला मांडीवर घेऊ का?

खुशाल घ्या. मशीन बंद झालं की तुमच्या अंगात किरण उरत नाहीत. शरीराच्या आत किरणोत्सारी औषध दिलेलं असेल, तर मात्र नियम वेगळे असतात, ते विचारून घ्या.

मला उलट्या अजिबात होत नाहीत. म्हणजे औषध लागू पडत नाही का?

असं मुळीच नाही. त्रास किती होतो यावरून औषधाचा गुण ठरत नाही, तो तपासण्यांतून कळतो. बहुधा उलटीची औषधं नीट काम करताहेत. बरं वाटतंय म्हणून ती मनाने बंद करू नका. मळमळ सुरू होण्याआधी घेतलेली गोळी, सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडते. त्यांतल्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं. तसं झालं तर संकोच न करता तेही डॉक्टरांना सांगा.