मदरबोर्ड बदलताना विंडोज कशी जपावी
मदरबोर्ड बदलला म्हणून विंडोज १० किंवा ११ पुन्हा इन्स्टॉल करावीच लागते असे नाही. नवे हार्डवेअर ती बहुधा स्वतःच ओळखते. तरीही स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (ड्राइव्हवरील डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण ते कुलूप जुन्या बोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेले असते आणि नव्या बोर्डावर संगणक सुरू होताच ते अंक मागितले जातात. लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असले, तर नंतर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर वापरून ते परत मिळवता येते; संगणकासोबत आलेले ओईएम लायसन्स मात्र जुन्या बोर्डापुरतेच असते, तेव्हा नव्या लायसन्सचा खर्च धरूनच चाला.

माझा संगणक एकदा ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ या निळ्या पडद्यावर अडकला होता आणि दोन तास केबल तपासल्यावर लक्षात आले की डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीत, म्हणजे साटा मोडमध्ये, जुना बोर्ड एएचसीआयवर (AHCI) होता, तर नवा रेडवर (RAID). बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तेवढाच बदल करताच विंडोज सुरू झाली. म्हणून जुन्या बायोसमधील साटा मोड आणि बूट मोड, म्हणजे संगणक सुरू होण्याची पद्धत नवी (यूईएफआय) की जुनी (लेगसी), यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या बोर्डाचे लॅन (नेटवर्क) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घेतलेले बरे.