विरह : त्यातला ‘वि’ काय करतो?

प्रश्न असा : ‘विरह’ म्हणजे वि + राहणे, ‘एकत्र न राहणे’, ही फोड बरोबर आहे का? आणि ‘वियोग’ वेगळा कसा?

फोड कानाला पटते, पण चुकीची आहे. इथला धातू संस्कृत ‘रह्’, अर्थ सोडणे, टाकणे. ‘रहित’ त्याचंच रूप. ‘रहस्’ म्हणजे एकांत, आणि एकांतातलं ते ‘रहस्य’. म्हणजे दुरावणं धातूतच आहे. ‘वि’ने ते फक्त ठसठशीत होतं. ‘वियोगा’त उलट. तिथे ‘युज्’ म्हणजे जोडणे, आणि ‘वि’ ती जोड उसवतो. उपसर्ग तोच, काम निराळं.

म्हणून ‘विरहा’चा व्यापक अर्थ नुसता ‘नसणे’. न्यायशास्त्रात (म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, कायद्यात नव्हे) तो ‘अभाव’ याच रुक्ष अर्थाने येतो, प्रेमबिम काही नाही. मराठीत तो अर्थ ‘विरहित’मध्ये टिकला : भेदभावविरहित, दोषविरहित. त्यामुळे विरहात झुरणाऱ्याला ‘विरहित’ म्हणू नये. तो ‘विरही’, ती ‘विरहिणी’. (मागे ‘र’ असल्याने ‘न’चा ‘ण’ झाला, मधला ‘ह’ त्याला अडवत नाही. ‘विरहिनी’ चूक.)

प्रेमाचा रंग चढवला काव्याने. गंमत म्हणजे साहित्यशास्त्रात विरह हा ताटातुटीच्या अनेक प्रकारांपैकी फक्त एक. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त विप्रलंभ शृंगाराची, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमरसाची, पाच कारणं दिली आहेत : अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. प्रियकर परगावी गेला तर तो ‘प्रवास’; जवळ असूनही वडीलधाऱ्यांच्या संकोचाने भेट होत नसेल तर ‘विरह’! या हिशेबाने मेघदूतातला यक्ष ‘शाप’ या खान्यात जातो, जरी कालिदासाने पहिल्याच ओळीत ‘कान्ताविरह’ म्हटलं असलं तरी.

आजच्या मराठीत मृत्यूने झालेली ताटातूट बहुधा ‘वियोग’ : पुत्रवियोग, मातृवियोग. ‘विरहा’त भेटीची आस गृहीत असते, म्हणून शोकसंदेशात तो खटकतो. नुसतं मन फाटलं असेल तर दोन्ही नकोत. ‘दुरावा’ म्हणावं, तो एका घरातही असतो.

संतांनी हाच शब्द देवाकडे वळवला. ज्ञानदेवांच्या ‘विराण्या’, म्हणजे विरहाचे अभंग, हे नाव ‘विरहिणी’वरूनच. तिथे भेट हवी असते ती विठ्ठलाची. ‘विराण’ म्हणजे ओसाड, या फारसी शब्दाशी त्यांचं काही नातं नाही.