वाचकांचे प्रश्न : टीव्हीवरची शिवराळ भाषा आणि घरातली लेकरं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की मुलांचं बाहेर खेळणं संपतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच लेकरं कूलरपुढे, आणि समोर टीव्ही. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच सहा तासांचे आहेत.

सेट-टॉप बॉक्सला पिन टाकून चार चॅनल लॉक केले. तरी नऊ वर्षांचा मुलगा तेच कार्यक्रम बघतो. पिन माहीत नाही म्हणून शपथ घेतो. हे कसं काय? – एक आई, मानेवाडा

तो खरं बोलत असावा. लॉक बॉक्सला आहे, टीव्हीला नाही. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर ‘होम’ दाबलं की बॉक्स बाजूला राहतो आणि टीव्हीतलं यूट्यूब उघडतं. काल रात्रीच्या एपिसोडचे तुकडे तिथे असतातच. तिसरी वाट म्हणजे तुमचाच मोबाईल. त्यावरून कास्ट केलं तर तुमच्या प्रोफाइलमधलं सगळं पडद्यावर येतं. म्हणून आधी टीव्हीतल्या यूट्यूबची हिस्ट्री उघडा. पोरगा कोणत्या वाटेने जातो ते पाच मिनिटांत कळेल.

आता एकेक वाट बंद करू. बॉक्सचा पिन कंपनीने दिलेलाच असेल, बहुतेक ठिकाणी ०००० किंवा १२३४, तर तो लॉक नावापुरताच. सेटिंगमध्ये पॅरेंटल लॉक शोधून आधी पिन बदला, मग चॅनल लॉक करा. फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्समध्ये नव्याने चॅनल स्कॅन केले की जुनी यादी पुसली जाते आणि तिच्याबरोबर लॉकही. केबलवाल्याने चॅनलचे नंबर हलवले तरी लॉक तपासून घ्यावा लागतो. आमचं मत विचाराल तर लॉकपेक्षा चॅनल काढून टाकणं बरं. फेब्रुवारी २०१९ पासून हवे तेवढेच चॅनल निवडायची सोय आहे. नको असलेला चॅनल एखाद्या पॅकमध्ये अडकला असेल तर पॅक सोडा आणि त्यातले हवे ते दोन-तीन सुटे घ्या. फक्त आधी हिशेब करा. कधी कधी सुटे चॅनल पॅकपेक्षा महाग पडतात.

यूट्यूबमधला ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करून निश्चिंत होऊ नका. तो त्या एका उपकरणापुरता असतो, आणि मुलाला सेटिंग सापडलं की तो बंदही होतो. त्याची गाळणी मोठ्या भोकांची आहे. हिंदी-मराठी शिव्या तिच्यातून सहज निसटतात. लहानांसाठी यूट्यूब किड्स घ्या, त्यात सर्च बंद करा आणि ‘फक्त पालकांनी मंजूर केलेलं’ हा पर्याय निवडा. वीसेक चॅनल मंजूर करायला एक संध्याकाळ जाते, पण मग डोक्याला ताप नाही.

नेटफ्लिक्सवर मुलाचं प्रोफाइल केलं आणि तुमचं उघडं ठेवलं, तर तो तुमच्या प्रोफाइलमध्ये शिरतो. मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला चार आकडी पिन लावा. त्याच पानावर ‘नवीन प्रोफाइलसाठी पिन लागेल’ ही खूण असते, तीही करा, नाहीतर पोरं नवं प्रोफाइल काढून मोकळी होतात. एखादीच मालिका नको असेल तर तिचं नाव टाकून तेवढी अडवता येते. आणि कर्सर नुसता थांबला की जे ट्रेलर आपोआप सुरू होतात, ते ‘ऑटोप्ले प्रिव्ह्यू’ आधी बंद करा. अर्धी लाज तिथेच वाचते.

रिअॅलिटी शोमध्ये शिवीवर बीप असतो. तरी पाच वर्षांची मुलगी तीच शिवी बोलली, तीही पाहुण्यांसमोर. – एक बाबा, नंदनवन

बीप बहुतेकदा शब्दाच्या मधोमध पडतो. पहिलं अक्षर आणि शेवटचा ‘द’ ऐकू येतो, ओठ दिसत असतात, आणि खालच्या पट्टीत पहिलं अक्षर छापून पुढे चांदण्या टाकलेल्या असतात. वाचता येणारं मूल ती रिकामी जागा कोड्यासारखी भरतं. ही पट्टी चित्रातच छापलेली असली तर रिमोटवरून बंद होत नाही. पाच वर्षांची मुलगी मात्र अर्थ नाही, सूर उचलते. तो शब्द म्हटला की मोठी माणसं दचकतात किंवा हसतात, तिला तेवढंच हवं असतं.

त्या क्षणी हसू नका, ओरडू नका. सपाट आवाजात एकदाच सांगा, “हा शब्द आपल्या घरात नाही वापरत. राग आला तर ‘मला राग आला’ असं म्हण.” आणि दुसऱ्या विषयाकडे वळा. पाहुण्यांपैकी काका-मामा हसले असतील तर त्यांना नंतर बाजूला घ्या; तेच जास्त आवश्यक आहे. एकदा हसणं झालं की पुढचे काही दिवस तो शब्द पुन्हा पुन्हा येतो. कोणी दाद देईनासं झालं की बहुतेकदा विरतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला अर्थ सांगा, झाकून सांगू नका. शिवी कोणाच्या आई-बहिणीवरून आहे हे कळलं की बरीच मुलं स्वतःच वरमतात.

दुपारी तीनला अश्लील डान्स असलेले सिनेमे लागतात. सेन्सॉर झोपलं आहे का? – प्रतापनगर

सिनेमाला प्रमाणपत्र असतं, मालिकेला आणि रिअॅलिटी शोला नसतं. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. तो कापून ‘यू’ किंवा ‘यूए’ करून घ्यावा लागतो. जुन्या ‘यूए’चा अर्थ १२ वर्षांखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा एवढाच होता. सिनेमाच्या कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या झाल्या. म्हणजे दुपारचा डान्स बहुधा कागदोपत्री बिनचूक असतो.

तक्रार करून खरंच काही होतं का? कुठे करायची? – दोन वाचक, सीताबर्डी व हिंगणा रोड

होतं, पण नुसतं “फार अश्लील दाखवतात” लिहून नाही. केबल टीव्ही नियमांतल्या नियम ६ चा आधार घ्या. त्यातला उपनियम ४ म्हणतो की मुलांसाठीच्या कार्यक्रमात वाईट भाषा नको. उपनियम ५ सांगतो की मुलांना न साजणारे कार्यक्रम, सर्वाधिक मुलं टीव्ही बघत असतात त्या वेळी दाखवू नयेत. दुपारच्या आणि रात्री आठच्या कार्यक्रमांना हा दुसरा लागू पडतो.

तक्रारीत चॅनल, कार्यक्रम, तारीख, नेमकी वेळ, पात्राने काय म्हटलं ते जसंच्या तसं, आणि उपनियमाचा आकडा. सहा-सात ओळी पुरे. वेळ लिहिताना ‘रात्री’ नको, ‘८ वाजून २० मिनिटे’ हवं. चॅनलना रेकॉर्डिंग ९० दिवसच ठेवावं लागतं, त्यामुळे सवडीने लिहिलेल्या तक्रारीचा पुरावाच उरत नाही.

याच नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिली तक्रार थेट वाहिनीकडे करायची. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय कळवायला हवा. नाही कळवला किंवा पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल) ही अशी संस्था आहे, तिचा पत्ता चॅनलच खालच्या पट्टीत फिरवतात. दिसली की मोबाईलने फोटो काढून ठेवा. अपिलाचा निकाल ६० दिवसांत. त्यावर केंद्र सरकारची तिसरी पायरी आहे. जाहिरातीसाठी एएससीआय ही वेगळी संस्था, बातम्यांसाठी एनबीडीएसए.

तुमच्या केबलवाल्याच्या स्वतःच्या स्थानिक चॅनलवर काही आक्षेपार्ह असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या. केबल कायद्याखाली कारवाईचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस आयुक्तांना आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

सासूबाई आठच्या मालिकेचं एकही मिनिट सोडत नाहीत, आणि नात मांडीवर. काही बोलायची सोय नाही. – महाल

सासूबाईंची मालिका बंद करायला जाल तर हराल. वेळ बदला. तीच मालिका दुपारी पुन्हा लागते किंवा अॅपवर मिळते. नात शाळेत असताना त्यांना ती लावून द्या, आणि आठला नातीच्या जेवणाची वेळ ठरवा. भरवायला आजीच हव्या, असा आग्रह तुमच्या नवऱ्याने धरावा, तुम्ही नको.