यूएसबी मोडेम : उपसून पुन्हा न लावता रिसेट

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे छोट्या लिपीत.)

प्रश्न : लिनक्सवर यूएसबी मोडेमने इंटरनेट वापरतो. दिवसातून दोन-तीनदा जोडणी तुटते आणि मग कितीही वेळा ‘कनेक्ट’ केले तरी लागत नाही. मोडेम काढून पुन्हा लावला की लगेच चालतो. संगणक माझ्यापासून लांब असतो. हात न लावता हे जमेल का?

उत्तर : जमेल, पण आधी काय अडकले आहे ते पाहा. ‘रिसेट’ म्हणताना चार वेगळी कामे डोक्यात असू शकतात : जोडणी नव्याने करणे, मोडेमचे फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) पुन्हा सुरू करणे, यूएसबी उपकरण म्हणून त्याची नव्याने ओळख करून घेणे आणि वीज तोडणे. मोडेम हाताने उपसला की ही चारही एकदम होतात. म्हणून तो उपाय हमखास लागू पडतो, आणि म्हणूनच बिघाड कुठे होता ते शेवटपर्यंत कळत नाही.

पुढच्या वेळी जोडणी तुटली की प्रथम ‘एलएसयूएसबी’ द्या, म्हणजे जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येते. यादीत मोडेम दिसत असेल तर ‘एमएमसीएलआय -एल’ द्या (इथला एल मोठ्या लिपीतला). मोडेममॅनेजरला (लिनक्सवर मोडेम सांभाळणारी सेवा) दिसणाऱ्या मोडेमचा पत्ता येतो, त्याच्या शेवटी क्रमांक असतो. तो ० असेल तर ‘एमएमसीएलआय -एम ० --रिसेट’. मोडेमची नव्याने ओळख झाली की हा क्रमांक वाढतो. स्क्रिप्टमध्ये ० कायमचा लिहून ठेवला तर ती पहिल्यांदा चालते आणि दुसऱ्यांदा ‘मोडेम सापडला नाही’ म्हणते, ते यामुळेच.

सगळेच मोडेम ही सूचना मानत नाहीत. तसे असेल तर ‘सिस्टीमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर’ देऊन (यात दोन्ही एम मोठे) पोर्ट मोकळा करा, मिनीकॉममधून (पोर्टशी थेट बोलायचा प्रोग्राम) एटी पोर्ट, म्हणजे मोडेम ‘एटी’ने सुरू होणाऱ्या सूचना घेतो तो पोर्ट, उघडा आणि ‘एटी+सीएफयूएन=१,१’ पाठवा. पहिला १ म्हणजे मोडेम पूर्ण क्षमतेने चालू ठेवणे, दुसरा म्हणजे त्याआधी तो रिसेट करणे. ‘ओके’ येते, मोडेम यादीतून गायब होतो आणि थोड्या वेळाने परततो. त्यानंतर मोडेममॅनेजर पुन्हा सुरू करायला विसरू नका. ‘एटीझेड’ने हे काम होत नाही. ती फक्त साठवलेली सेटिंग्ज परत आणते, अडकलेल्या रेडिओला ती धक्काही लावत नाही.

एटी पोर्ट उत्तरच देत नसेल तर यूएसबीच्या पातळीवर उतरा. ‘यूएसबीयूटिल्स’च्या नव्या आवृत्त्यांत ‘यूएसबीरिसेट’ मिळते. त्याला एलएसयूएसबीमध्ये दिसणारी चार-चार अक्षरी जोडी (उत्पादक आणि उपकरण यांचे ओळखक्रमांक) द्यायची. ते नसेल तर /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस या फोल्डरमध्ये ‘१-१.२’ अशा धर्तीचे आपल्या मोडेमचे नाव शोधा. पहिला आकडा बसचा, पुढचे आकडे पोर्टचे. मोडेम त्याच पोर्टमध्ये असेतो हे नाव बदलत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये हेच वापरावे. त्यातल्या ‘ऑथराइज्ड’ फाइलमध्ये ० लिहा, दोन-तीन सेकंद थांबा, मग १ लिहा. इथे बरेच जण ‘सुडो एको ०’ देऊन पुढे > लावतात आणि ‘परमिशन डिनाइड’ पाहून थांबतात. रूटचे अधिकार एकोला मिळतात, पण > चे काम तुमचा साधा शेल करतो. त्याऐवजी ‘एको ० | सुडो टी’ (इथला टी म्हणजे टी-ई-ई) आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

यातल्या कशानेच मोडेमची ५ व्होल्टची वीज तुटत नाही. फर्मवेअर पुरते गोठले असेल तर वीजच तोडावी लागते. त्यासाठी ‘यूहबसीटीएल’ आहे, पण एकेका पोर्टची वीज बंद करणारा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) लागतो. काही हब ही सोय असल्याचे कळवतात आणि प्रत्यक्षात वीज तोडत नाहीत. कमांड दिल्यावर मोडेमचा दिवा विझला का, एवढे एकदा समोर बसून बघा. विझला नाही तर तो हब या कामाचा नाही.

रोज दोन-तीनदा रिसेट लागत असेल तर मूळ कारण शोधलेच पाहिजे. ‘डीएमईएसजी’ ही कमांड कर्नलच्या नोंदी दाखवते, त्यांत मोडेम तुटल्याच्या वेळेजवळच्या ओळी वाचा. ‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ वारंवार येत असेल तर आमचा पहिला संशय वायर आणि विजेवर. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच्या हिशेबाने बांधलेला असतो, आणि सिग्नल कमजोर असला की मोडेम जोर लावून प्रक्षेपण करतो व वीज जास्त ओढतो. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर काढा, स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब लावून पाहा. एररच नसेल आणि मोडेम थोडा वेळ रिकामा राहिल्यावरच अडकत असेल, तर ‘१-१.२’च्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘कंट्रोल’ फाइल उघडा. तिथे ‘ऑटो’ असेल तर ‘ऑन’ लिहा. टीएलपीसारखी वीज वाचवणारी साधने ते परत ‘ऑटो’ करतात, त्यांच्या यादीतून मोडेम वगळा.

प्रश्न : रिसेटनंतर मोडेमच्या पोर्टचे नाव टीटीवाययूएसबी० ऐवजी टीटीवाययूएसबी३ येते आणि माझी डायल स्क्रिप्ट बंद पडते.

उत्तर : जुना ‘पीपीपीडी’ (डायल केलेली जोडणी चालवणारा प्रोग्राम) अजून जुना पोर्ट धरून बसलेला असतो, त्यामुळे कर्नल तो क्रमांक पुन्हा देऊ शकत नाही. रिसेटच्या आधी ‘पीपीपीडी’ बंद करा. स्क्रिप्टमध्ये /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी इथले नाव वापरलेत तर क्रमांकाची काळजीच उरणार नाही.

प्रश्न : रिसेट केल्यावर मोडेमऐवजी सीडी ड्राइव्ह दिसतो.

उत्तर : अशा मोडेमच्या पोटात विंडोजचे ड्रायव्हर ठेवलेले असतात, आणि सुरू होताना तो सीडी म्हणूनच ओळख देतो. ‘यूएसबी_मोडस्विच’ त्याला मोडेमच्या रूपात आणते. हे पॅकेज असूनही सीडीच दिसत असेल तर एलएसयूएसबीमधली जोडी रिसेटच्या आधी आणि नंतर लिहून घ्या. सीडीच्या रूपातली जोडी मोडस्विचच्या यादीत नसेल तर तिची नोंद स्वतः करावी लागेल.