“माझीच प्रार्थना कमी पडली का?”

मुलगा चर्चला येईनासा झाला की आई आधी स्वतःला दोष देते. माझ्याकडे सल्ल्याला कुणी भायखळ्याहून येऊ द्या नाहीतर कल्याणहून, वाक्य तेच: “माझीच प्रार्थना कमी पडली असेल.” वडिलांच्या तोंडून मी ते क्वचितच ऐकतो. खाली सांगतो ती कुणी एक बाई नाही. अनेक आयांच्या भेटी एकत्र करून, तपशील बदलून लिहिलं आहे. तिला ताई म्हणू.

ताई शिक्षिका, नवरा रेल्वेत. मुलगा तेवीस वर्षांचा, ऐरोलीच्या कंपनीत रात्रपाळीला. लहानपणी संडे स्कूलमध्ये बायबलची वचनं तोंडपाठ म्हणून बक्षिसं मिळवणारा. दीड वर्षापासून उपासनेला येत नव्हता.

“मी काय करायचं ठेवलं, सर? रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते. सकाळी मोबाईलवर वचन पाठवते.”

“रोज किती?”

“पाच-सहा. फुलांच्या चित्रासकट.”

“तो बघतो?”

“निळी टिक येतच नाही.”

मी एक काम दिलं: काल रात्री मोठ्याने केलेली प्रार्थना आठवेल तशी वहीत लिहून आणा. हे काम मी पहिल्या भेटीत देत नाही. तेव्हा दिलं तर माणूस परत येत नाही. ताईंनी शिक्षिकेच्या अक्षरात चौदा वाक्यं आणली. मुलाविषयीच्या वाक्यांखाली रेघ मारायला सांगितली. अकरा निघाली. प्रभू, याला सद्बुद्धी दे. याची संगत सुटू दे. याला तुझ्या मंदिराची ओढ लाव.

“यातलं देवाला आधी ठाऊक नव्हतं असं काय आहे?”

“त्याला सगळंच ठाऊक असतं.”

“आणि मुलगा त्या वेळी कुठे होता?”

“समोरच. कामाला निघायचं म्हणून मोजे घालत होता.”

“मग हे कुणाला ऐकवलं?”

पंखा फिरत राहिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “म्हणजे मी डोळे मिटून त्याला रागवत होते.”

मी याहून नेमकं सांगू शकलो नसतो. प्रार्थना कमी पडत नव्हती, तिचा पत्ता चुकत होता. मुलाच्या कानात ‘आमेन’ म्हणजे बोलणी संपल्याची खूण झाली होती. श्रद्धा घरात नात्यावर बसून येते, असं माझं ठाम मत आहे. नातं कुरकुरलं की वचन कितीही खरं असलं तरी पोचत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगतो. ताईंचा प्रश्न रास्त होता: “वन रूम किचनमध्ये दार कुठलं लावू?” मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना हिने एकोणीस मुलांना जन्म दिला, त्यातली जेमतेम निम्मी जगली. त्या गलक्यात ती ॲप्रन डोक्यावरून ओढून प्रार्थनेला बसे, असं सांगतात. “पदर आहे की,” ताई हसल्या. त्या भेटीतलं ते पहिलं हसू.

मग ठरवलं ते असं. मुलाविषयीची विनंती पदराआड, तो घरात नसताना. सर्वांसमोरची प्रार्थना पाच मिनिटांची, आणि तिच्यात फक्त स्वतःचं: आज कशाचे आभार, कशाची भीती, कुठे चुकले. मोबाईलवरची वचनं चाळीस दिवस बंद. रविवारचं बोलणं शनिवारी जेवताना एकदाच, “उद्या साडेआठला निघते,” आणि सकाळी त्याला पुन्हा नाही. सुझॅना प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ देई. जॉनचा वार गुरुवार होता, आणि मोठेपणी त्याने पत्र लिहून त्या वेळेतला थोडा वाटा मागितला होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलासोबत अर्धा तास चहा, चर्चचा विषय न काढता.

हे बहुतेकदा दुसऱ्या आठवड्यात मोडतं. फरक दिसत नाही, मंडळीतली एखादी मावशी “मुलगा दिसत नाही हल्ली?” विचारते, आणि आई घरी येऊन सगळा राग त्याच्यावर काढते. म्हणून उत्तर आधीच पाठ करायचं: “बरा आहे, तुमचा सलाम सांगते.” दुसरी चूक म्हणजे गप्प राहण्यालाच शस्त्र करणं. उसासा टाकत घातलेली चप्पलही प्रवचनच असतं.

संत ऑगस्टीनची आई मोनिका, तिचं उदाहरण ताईंनीच काढलं. आई रडली म्हणून ऑगस्टीन वळला, असं आपण सांगतो आणि मधलं गाळतो. तो मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात सुमारे नऊ वर्षं होता. माझ्या मुलाला समजवा, म्हणून ती एका बिशपच्या मागे लागली. त्याने नकार दिला: त्याला राहू दे, तू प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. हा बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात होता, आणि त्याला तिथे त्याच्या आईनेच घातलं होतं. अश्रूंच्या लेकराचा नाश होणार नाही, हे त्या बिशपचं प्रसिद्ध वाक्य त्यानंतरचं. पुढे ती पाठ सोडेना तेव्हा मुलगा कार्थेजला तिला थाप मारून रात्रीच्या जहाजाने रोमला निघून गेला. बाप्तिस्मा झाला ३८७ मध्ये मिलानला, तिथला बिशप अँब्रोज याच्या हातून. त्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली. घरच्यांच्या गतीने न चालण्याचं आपल्याकडचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं: पतीचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ मध्ये, त्यांचा १९०० मध्ये.

वडिलांनाही मी एका भेटीला बोलावलं. व्हर्न बेंग्टसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० पासून काही दशकं तिथल्या कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला. मुलं आईवडिलांचा धर्म धरून ठेवतात त्यात वडिलांच्या जवळिकीचा मोठा वाटा त्यांना दिसला. बायबलमध्ये आपला तरुण सहकारी तिमथ्य याच्या विश्वासाबद्दल प्रेषित पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत कळतं. तेवढा दाखला पुढे करून आपल्या घरांतले बाप सुटतात. ताईंचे यजमान ऐकून घेऊन म्हणाले, “मी तर कधी मोठ्याने प्रार्थनाच केली नाही.” पुढच्या शनिवारी त्यांनी तीन वाक्यांची केली. ताईंना हसू आवरेना.

सातव्या आठवड्यात ताई आल्या. मुलगा अजून चर्चला गेला नव्हता. पण जेवणानंतरच्या प्रार्थनेत त्यांनी आदल्या रात्री गुडघा रात्रभर ठणकतो आणि भीती वाटते, असं सांगितलं होतं. मोजे घालता घालता तो थांबला. “हे कधीपासून? एक्स-रे काढलास?”

“याला उत्तर म्हणायचं का, सर?”

मी पुढच्या भेटीसाठी बुधवार, सकाळी अकरा सुचवलं. त्यांनी मान हलवली. बुधवारी अकराला एक्स-रे होता, आणि मुलगा रात्रपाळीहून थेट तिकडे येणार होता.